श्रीखंडाच्या डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर : सुट्टीतल्या कामाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

भाची नववीची परीक्षा देऊन कालच पुण्याला आमच्याकडे आली. बॅग उघडल्या उघडल्या वहीचं एक पान पुढे केलं. ४४४० आयसीचा (आयसी म्हणजे आवाज वाढवणारी चिप) अ‍ॅम्प्लिफायर, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन मोठे स्पीकर. वर्गातल्या एका मुलाच्या दादाने मंडळासाठी बनवलाय म्हणे. "मामा, सुट्टीत हाच करूया."

मी नाही म्हटलं. ती रुसली. मग आम्ही दोघं जेवणानंतर वही घेऊन बसलो.

४४४० बिचारा निर्दोष आहे, तो १२ व्होल्टवर चालतो. भानगड त्याच्या मागे असते. ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला घरातली २३० व्होल्टची वीज येते, आणि घरगुती डब्यांत तो जोड बहुतेक वेळा पिळलेल्या तारेवर गुंडाळलेल्या टेपच्या भरवशावर असतो. कॉलेजात असताना मीही तसाच एक केला होता. टेप उन्हाळ्यात सुटली आणि डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर मी खुर्चीसकट मागे गेलो. ती गोष्ट तिला पहिल्यांदाच सांगितली. (ताईला अजून माहीत नाही.)

मग वहीत एक प्रश्न लिहिला आणि सुचेल त्या प्रत्येक प्रकल्पासमोर त्याचं उत्तर मांडलं: एखादी तार चुकीच्या जागी लागली तर काय होईल?

४४४० आणि ट्रान्सफॉर्मर: शॉक बसेल, कदाचित आगही लागेल. बाद. दुचाकीच्या बॅटरीवर चालवू म्हणाली. त्या बॅटरीची दोन टोकं एकमेकांना लागली तर तार लाल होते. तेही बाद. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प: आत दोनशे-तीनशे व्होल्ट, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये बसून राहतात. बाद, आणि मलाही नको. छोटा एफएम ट्रान्समीटर: धोका नाही, पण परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. हेडफोनचा अ‍ॅम्प: हाताला काही होणार नाही, पण चुकून जास्त आवाज निघाला तर थेट कानात. पुढे कधीतरी.

एलएम३८६ (छोट्या स्पीकरपुरता आवाज वाढवणारी आयसी), बॅटरीवर: आवाज येणार नाही. फार तर अठरा रुपयांची आयसी जाईल.

हाच ठरला. दुसरी अट तिने घातली, आठ दिवसांत काहीतरी वाजलं पाहिजे. म्हटलं चार दिवसांत वाजेल, सहा तासांचं काम आहे. हा अंदाज पुढे कसा फसला ते खाली येईलच.

३० एप्रिल, मंगळवार

उद्या महाराष्ट्र दिन, दुकानं बंद असली तर खोळंबा नको म्हणून आजच बुधवार पेठेत गेलो. तापकीर गल्लीत दुपारी बाराला गाडी लावायला जागा मिळाली हेच नवल.

यादी भाचीनेच वाचून दाखवली, मी मागे उभा. दुकानदाराने "किती वॉटचे?" विचारल्यावर ती गडबडली. सुट्टे रेझिस्टर (वीज रोखणारे छोटे भाग) घेताना पाव वॉटचे मागायचे, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

एलएम३८६ तीन नग ५४ रुपये, आठ पिनांचे आयसी बेस ९, ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचायची पाटी) ८०, जंपर तारा ५०, रेझिस्टर २०, कपॅसिटर ४०, दहा केचे (के म्हणजे हजार ओहम) दोन पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं, ३०, तीन इंची ८ ओहमचा स्पीकर ७०, नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या ६०, त्यांच्या क्लिपा १०. एकूण ४२३. मल्टिमीटर घरात होता.

"तीन आयसी कशाला?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, एक तुझी, एक माझी, एक नशिबाची. शेवटी दोन लागल्या.

एक चूक इथेच झाली, पण ती कळायला पाच दिवस गेले. रेझिस्टर सगळे निळ्या अंगाचे, पाच पट्ट्यांचे मिळाले आणि दुकानदाराने एकाच पुडीत बांधून दिले. वेगवेगळ्या पुड्या मागा, वर आकडा लिहून घ्या.

२ मे, गुरुवार

ब्रेडबोर्डवर जुळवणी. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी जोडण्या एकदाच लिहितो. आयसीची खाच वर धरली की डावीकडे वरून खाली १ ते ४ आणि उजवीकडे खालून वर ५ ते ८ पिना येतात. २ आणि ४ ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला. ६ ला बॅटरीचं धन टोक. ३ ला पॉटची मधली पिन. पॉटचं एक टोक ग्राउंडला, दुसऱ्याला गाणं येणार. ५ मधून २२० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमार्गे स्पीकर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला; कपॅसिटरची धन बाजू आयसीकडे. शिवाय ५ पासून ग्राउंडपर्यंत १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ चा कपॅसिटर एकामागे एक. तो कपॅसिटर दुकानात ४७३ या आकड्याने मिळतो. १, ७ आणि ८ मोकळ्या.

फोन स्टिरिओ, आपला स्पीकर एक. डावी-उजवी तार थेट एकत्र पिळायची नाही, फोनचे दोन्ही चॅनल एकमेकांवर जोर लावतात. दोन्हींमध्ये प्रत्येकी एक केचा रेझिस्टर घालून मग जोडायच्या.

सगळं लावलं, बॅटरी जोडली. शुकशुकाट. खरखरही नाही.

दीड तास तारा मोजत बसलो. शेवटी तिनेच मल्टिमीटर ६ आणि ४ वर लावला: शून्य. बॅटरीवर मात्र ९.३. ब्रेडबोर्डच्या कडेची लाल पट्टी मधोमध तुटलेली होती! लांब बोर्डांवर काही वेळा ती पट्टी अर्ध्यात थांबते आणि तिथे लाल रेघेतही फट असते. फट डोळ्यांसमोर होती, दोघांनीही दुर्लक्ष केलं. एक जंपर तार टाकून दोन्ही अर्धे जोडले. तोवर जेवायची हाक आली.

३ मे, शुक्रवार

आज वीज पोचते आहे. पिन ३ ला बोट लावलं की स्पीकर घुर्र करतो. बॅटरीवर चालत असेल तर ही चाचणी बिनधास्त करावी. घरातल्या वायरिंगची घुरघुर आपल्या अंगातून तिथे पोचते. घुर्र आलं म्हणजे आयसी, स्पीकर, बॅटरी सगळं जिवंत आहे आणि दोष त्याच्या आधी आहे.

पण गाणं येईना. जॅकसाठी मी काटकसर करून जुन्या इअरफोनची तार कापली होती. आत तांब्याच्या रंगाच्या केसासारख्या बारीक तारा, लाल, हिरव्या, सोनेरी, मध्ये एक दोरा. छान पिळून ब्रेडबोर्डात खोचल्या. त्या रंगीत दिसतात कारण त्यांच्यावर लाखेसारखा थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. काडीपेटीने जाळून बघितलं, दोरा पेटला, तारा काळ्या झाल्या, दोन तुटल्या. पावणेदोन तास गेले. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून चाळीस रुपयांची ऑक्स केबल (दोन्ही टोकांना इअरफोनसारखा जॅक असलेली) आणली आणि मधोमध कापली. तिच्या तारा नेहमीच्या होत्या, पाच मिनिटांत काम झालं.

रात्री ९:४० ला पहिलं गाणं वाजलं. भाचीने अख्ख्या घराला बोलावलं. आईने विचारलं, "एवढ्या तारांतून एवढासाच आवाज?"

आवाज वाढवला की गाण्याऐवजी फट्-फट्-फट् येतं, गलबतावरच्या इंजिनासारखं. बॅटरी मोजली: आवाज कमी असताना ९.१, मोठ्या आवाजात ७ च्या आसपास येऊन खालीवर नाचते. स्वस्त चौकोनी बॅटरीत जोर नसतो. ढोलाच्या ठोक्याला व्होल्टेज खाली बसतं, तो झटका परत आयसीच्या आत पोचतो, आणि चक्र सुरू होतं. पिन ६ आणि ४ च्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरड आणि सोबत ०.१ (१०४ छापलेला) लावल्यावर फटफट थांबली. हा ४७० माझ्या यादीत होता, "नंतर लावू" म्हणून राहिला होता. पहिल्याच दिवशी लावा.

५ मे, रविवार

गाणं वाजतंय, पण आयसीला बोट ठेववत नाही. आवाज शून्यावर असला तरी तापते. आणि एक बॅटरी दोन दिवसांत बसली.

किती करंट जातो ते मोजायला मल्टिमीटर मिलिअँपवर लावला. मोजला: ९० च्या वर. या आयसीने गप्प बसताना साधारण ४ मिलिअँप घ्यायला हवेत. म्हणजे आत काहीतरी चाललंय, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येण्याच्या पलीकडच्या वेगाने आयसी स्वतःशीच थरथरत होती.

या थरथरीला आवर घालण्यासाठीच पिन ५ वरचा १० ओहम आणि ४७३ असतो. तो लावलेला होता. तरी मी ४७३ बदलला, तारा आखूड केल्या, दुसरी आयसी लावून बघितली. चार तास. शेवटी भाची रेझिस्टर काढून खिडकीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "मामा, हा सोनेरी आहे का लाल?"

लाल होता. पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये १० ओहम म्हणजे तपकिरी-काळा-काळा-सोनेरी-तपकिरी, आणि १० के म्हणजे तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी. निळ्या अंगावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, चाळिशीच्या चष्म्यातून सोनेरी आणि लाल सारखेच दिसतात. आम्ही १० ओहमच्या जागी हजारपट मोठा रेझिस्टर लावून ठेवला होता. असून नसल्यासारखाच. बदलल्याबरोबर करंट ५ वर आला, आयसी गार.

तेव्हापासून नियम: रंग वाचायचे नाहीत, प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मीटरवर मोजायचा. दोन सेकंद लागतात.

याच आनंदात मी मीटर मिलिअँपवरच ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलो आणि मीटरचा फ्यूज उडवला. हे मला येत नाही असं नाही, गेली वीस वर्षं येतं. फ्यूज दहा रुपयांचा, पण रविवारी मिळेना. दोन दिवस मीटर अपंग.

८ मे, बुधवार

काल रात्री भाचीने कुठेतरी वाचलं की पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की आवाज २० पटींऐवजी २०० पट वाढतो. मला न विचारता लावला. झोपताना बॅटरी काढायची राहिली.

सकाळी सातनंतर हॉलमधून कोणीतरी बारीक आवाजात बोलतंय असं वाटलं. फोन जोडलेला नव्हता. आई देवपूजा अर्धी टाकून बाहेर आली, कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, या तर सातदहाच्या बातम्या!" खरोखरच आकाशवाणी पुणे, प्रादेशिक बातम्या. घरात रेडिओ नाही, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेडिओ नाही, आणि बातम्या चालू.

स्पष्टीकरण साधं आहे. कापलेली मीटरभर ऑक्स केबल अँटेना झाली. मीडियम वेव्हचं ७९२ किलोहर्ट्झचं जोरदार प्रक्षेपण तिच्यात शिरलं आणि २०० पटींच्या लोभापायी आयसीच्या इनपुटनेच त्यातून आवाज वेगळा काढला. आईला मात्र हा आजवरचा सर्वांत उपयोगी भाग वाटला. "हे बिघडवू नका" असं तिने बजावलं.

बिघडवलं. म्हणजे दुरुस्त केलं. पिन ३ च्या आधी एक के आणि पिन ३ पासून ग्राउंडला १०२ छापलेला छोटा कपॅसिटर लावला, केबल वीतभर ठेवली, आणि १-८ मधला कपॅसिटर काढला. फोनसाठी २०० पट कशालाच नको, फोनमधून ०.३ व्होल्ट आले तरी त्याचे २० पट म्हणजे ६ व्होल्ट, बॅटरीची ऐपत तिथेच संपते. पुढे जाऊन फक्त आवाज फाटतो. हिसहिसही गेली.

पॉटबद्दल आणखी एक. आमच्याकडे चुकून बी छापलेला, म्हणजे लिनिअर पॉट आला. पाव फेरीतच आवाज पूर्ण वाढतो आणि उरलेली फेरी नुसती फिरते. ए छापलेला मागा, तो कानाच्या हिशोबाने वाढतो. वाजण्यात फरक नाही, पण चिडचिड वाचते.

१३ मे, सोमवार

आज पुण्यात मतदान. सकाळी रांगेत उभं राहून आलो, बाकी दिवस मोकळा. शाई लावलेल्या बोटाने सोल्डरिंग.

संपूर्ण प्रकल्पात भिंतीतल्या विजेला जोडलेली ही एकच वस्तू, त्यामुळे तिच्यावर खर्च करायला मागेपुढे पाहिलं नाही: २५ वॉटची तीन पिनांची सोल्डरिंग गन २३०, स्टँड ६०, सोल्डर वायर ११०, गॉगल ६०. ४६० रुपये गेले. स्टँड मी आधी घेणार नव्हतो, बशीवर ठेवू म्हटलं होतं. सरावाच्या पहिल्या दहा मिनिटांत गन बशीवरून घरंगळली आणि स्वतःच्याच वायरवर जाऊन टेकली. वरचं आवरण वितळलं, आतली तार दिसायच्या आत प्लग काढला. लगेच वायर बदलली आणि स्टँड आणला. आता क्रम असा: स्टँड, मग गन.

सोल्डरमध्ये शिसं आहे. धूर मात्र शिशाचा नसतो, आतल्या रोझिनचा असतो. तरी तो नाकात नको म्हणून खिडकी उघडी आणि टेबलफॅन आडव्या दिशेने. शिसं बोटांना लागतं आणि बोटं तोंडात जातात. आमरसाचे दिवस आहेत. साबणाने हात धुतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही असा दंडक केला, मीच दोनदा मोडला, तिने पकडलं.

दुपारी झिरो पीसीबीवर (भोकाभोकांची, डाग द्यायची पाटी, २५ रुपये) सगळं उतरवलं. बॅटरी लावली. शांतता. मग आयसी इतकी तापली की हात मागे घेतला.

आरशातली चूक. वरून बघताना पिन १ डावीकडे असते, बोर्ड उलटून डाग देताना ती उजवीकडे जाते. आम्ही खालून बघत वरचा नकाशा पाळला. म्हणजे १ ची ८ झाली, २ ची ७, ३ ची ६, ४ ची ५. बॅटरीचं धन टोक थेट इनपुटला आणि ग्राउंड आउटपुटला. आयसी मेली.

भाचीचा चेहरा उतरला. वहीतलं २८ तारखेचं पान उघडून दाखवलं: "फार तर अठरा रुपयांची आयसी जाईल." तिने तिथेच तारीख टाकून टिक केली.

आयसी बेस वापरला म्हणून मेलेली उपटून नवी बसवता आली. सगळ्या तारा सोडवून पुन्हा लावायला अडीच तास लागले. आता बोर्डाच्या खालच्या बाजूला कागदी पट्टी चिकटवून त्यावर पिनांचे आकडे उलट क्रमाने लिहिले आहेत. त्याशिवाय गन हातात घ्यायची नाही.

१४ मे, मंगळवार

वाजतंय, पण बोर्ड हलवला की खरखर. ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा डाग, अपेक्षित होतं. चांगला डाग चकचकीत आणि डोंगरासारखा उतरता असतो, कच्चा डाग गोळीसारखा बसलेला असतो. तिने आधी सोल्डर गनच्या टोकावर घेऊन मग जोडावर लावलं होतं. जोड गार राहिला. जोड आधी तापवायचा, सोल्डर त्याला लावायचं. सात डाग पुन्हा दिले. वीस मिनिटं.

१८ मे, शनिवार

डबा. श्रीखंडाचा किलोचा प्लास्टिकचा, अक्षय्य तृतीयेला रिकामा झालेला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसायला देखणा होता, पण बोर्डाची खालची बाजू त्याला टेकली तर सगळंच शॉर्ट. प्लास्टिक बरं.

डब्यात बसवण्याआधी स्पीकर टेबलावर उघडा वाजत होता आणि आवाज चिरका, तबला तर गायबच. भाचीला वाटलं आयसी कमजोर. स्पीकर झाकणाच्या भोकावर बसवून डबा बंद केल्याबरोबर तबला आला. उघड्या स्पीकरची पुढची आणि मागची हवा एकमेकांना खाऊन टाकते, डबा मागची अडवून धरतो. तिचा विश्वास बसेना. झाकण चारदा उघडझाप करून बघितलं. पूर्ण सुट्टीत मला सर्वांत आवडलेली पाच मिनिटं ही.

भोक मी कापलं, कटर तिच्या हातात दिला नाही. झाकण मोठ्या आवाजात थरथरतं म्हणून कडेला फोमची पट्टी आणि आत जुन्या उशीतला मूठभर कापूस.

चौकोनी बॅटरी कायमची बंद. चार पेन्सिल सेल, ६ व्होल्ट. होल्डर २०, सेल ६०. या आयसीला ४ व्होल्टपासून पुढे चालतं. आवाज किंचित कमी, पण सेल किती तरी जास्त टिकतात आणि फटफट अजिबात नाही.

फोन चार्जिंगला असताना जोडला तर घुरघुर येते, चार्जर काढला की जाते. अ‍ॅम्पमध्ये दोष शोधत बसू नका. कुठल्यातरी गल्लीतला स्वस्त चार्जर असेल तर तो लावून काही जोडूच नका, त्याच्या आत २३० व्होल्ट आणि तुमचा फोन यांच्या मध्ये काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडायचंही नाही.

२३ मे, गुरुवार

"आता स्टिरिओ." पीएएम८४०३ (दोन चॅनलची आयसी) चा तयार बोर्ड ५५ रुपये, ४ ओहम ३ वॉटचे दोन स्पीकर १५०. नाण्याएवढा बोर्ड, डाग द्यायचे ते फक्त तारांचे. नवशिक्याने आधी हाच करावा का, असा प्रश्न पडतो. लवकर वाजतो हे खरं. पण चुकला तर का चुकला ते त्याच्यात दिसत नाही, म्हणून मी दुसऱ्या क्रमांकावरच ठेवीन.

एलएम३८६ मध्ये स्पीकरचं एक टोक ग्राउंडला होतं. त्या सवयीने भाचीने दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करून ग्राउंडला लावल्या. मी बघत होतो आणि मलाही खटकलं नाही. या बोर्डाला स्पीकरचं ग्राउंड असं काही नसतंच. चारही टोकांवर आयसीच आवाज देते. एक चॅनल लगेच गेला, दुसरा वास येईपर्यंत चालला.

५५ रुपये. टिक.

२६ मे, रविवार

दुसरा बोर्ड. चार टोकं, चार वेगळ्या तारा. लगेच वाजला, आणि आकाराच्या मानाने भलताच जोरात.

पॉवरबँकवर लावला तर थोड्या वेळाने आपोआप बंद. गाणं हळू असेल तर बोर्ड इतका कमी करंट घेतो की पॉवरबँकला वाटतं फोन भरला. मोठ्याने वाजवत ठेवणं हा उपाय शेजारच्या काकूंना पसंत पडला नाही. तीन साधे पेन्सिल सेल, साडेचार व्होल्ट. चार साधे लावायचे नाहीत, ६ व्होल्ट होतात आणि या आयसीची मर्यादा साडेपाच आहे. रिचार्जेबल असतील तर चार चालतात, ४.८ होतात. चौकोनी बॅटरी तर चुकूनही नको. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरू असा एक सल्ला भाचीला मिळाला आहे. वहीत लिहून प्रश्न विचारला, तिनेच उत्तर लिहिलं: "आग." बाद.

कान: इअरफोन एलएम३८६ च्या आउटपुटला लावून बघायची इच्छा तिला दोनदा झाली. इअरफोनला एक मिलिवॉटही भरपूर होतो, इथे शेकडो मिळतात. तो जॅक डब्यावर ठेवलाच नाही, म्हणजे मोहच नको.

२ जून, रविवार

हिशोब. पहिली खरेदी ४२३, सोल्डरिंगचं सामान ४६०, केबल, फ्यूज, पीसीबी, होल्डर आणि सेल मिळून १५५, स्टिरिओ २६०. एकूण १२९८. त्यात वाया गेले: आयसी १८, बोर्ड ५५, चौकोनी बॅटऱ्या ६०, फ्यूज १०, म्हणजे १४३. गनची वायर घरातलीच वापरली. वेळ सहा तास धरला होता, वहीतल्या नोंदी मिळून सव्वीस भरतात. त्यातले जवळपास एक तृतीयांश इअरफोनची तार, सोनेरी पट्टी आणि आरसा या तिघांनी खाल्ले.

भाची परवा घरी जाणार. स्टिरिओ बोर्ड आणि दोन स्पीकर बॅगेत गेले. काल तिने पाच रुपयांची पिएझो चकती (थरथरीची वीज करणारी) स्वयंपाकघरातल्या तांब्याला चिकटवून एलएम३८६ ला लावली. टिचकी मारली की आवाज येतो, पण पत्र्यासारखा, तळ नाही. पिएझोला दहा केचा पॉट फार जड पडतो, मध्ये एक एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि मेगओहमचा रेझिस्टर लावावा लागेल. भाग आणलेले नाहीत, दिवाळीच्या सुट्टीत बघू.

श्रीखंडाचा डबा आईने ठेवून घेतला आहे. १-८ मधला कपॅसिटर आणि लांब केबल परत लावून द्या म्हणते, सातदहासाठी. तिला छोटा रेडिओ आणून देतो म्हटलं तर नको, हाच हवा. आज लावून दिला. १०२ काढावा लागला. नवे सेल ३० मे ला टाकलेत, किती दिवस चालले ते इथे लिहीन.